भरल्या ताटावरून

"ताई, ही बाई माझं ऐकतच न्हाई ओ!"

भालूशेठ मगदूम मंडपाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा होता आणि शैलाच्या पाठीकडे बघून कोकलत होता. शैला आपल्या नादात सतरंजीपुढे ताटं मांडत चालली होती.

"ऐकेल कशी, शेठ? तिला ऐकू येत नाही. काल तासभर दुसरं काय सांगत होते मी तुम्हाला?"

"ते ठावं हाय मला. पन एवढ्या मोठ्यांदा वरडलो, तरीबी न्हाई?"

"नाही. तुमचा आवाज विट्याच्या स्टँडवर पोचला असेल, पण तिच्यापर्यंत नाही."

भालूशेठनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला फुटका टोप विकलाय.

याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या भागात तेव्हा बुफे आला नव्हता, लग्न म्हटलं की पंगत. मी 'उभारी'त काम करायची. उभारी म्हणजे सांगलीत एका सायकल दुकानाच्या मागच्या दोन खोल्या, एक फोन आणि मी. माझ्या डाव्या पायात पोलिओचा कॅलिपर आणि तोंडात कधी न थांबणारी जीभ. ज्यांना कोणी दारात उभं करत नाही त्यांना काम मिळवून द्यायचं, हा आमचा उद्योग. आंधळे, बहिरे, माझ्यासारखे लंगडे, आणि जेलमधून सुटून आलेले. लोक म्हणायचे, ही कसली खिचडी? मी म्हणायची, दोघांनाही एकाच दारातून हाकलता, मग मी एकाच दारातून आत घातलं तर तुमचं काय गेलं? एका खिसेकापूला मी शिंप्याकडे चिकटवला होता. तो असे खिसे शिवायचा की शिंपी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा, "घाला बिनधास्त, ह्यो खिसा कापायला लई अवघड, आमच्या मानसानं सोता तपासलाय."

मारुती केंगारनं मात्र मला जेरीला आणलं होतं. तरुणपणी बांधावरून भांडण झालं, रागाच्या भरात त्यानं चुलत्याच्या डोक्यात फावडं घातलं आणि चुलता मेला. जन्मठेप झाली. ती सगळी त्यानं जेलच्या भटारखान्यात काढली. बाहेर आला तेव्हा हातात एकच विद्या, स्वयंपाक. आणि ती अशी की नुसत्या फोडणीच्या वासानं माणूस वाट सोडून आत यावा. अडचण एकच. केंगार खोटं बोलत नसे. हॉटेलमालक विचारायचा, "आधी कुठं होतास?" हा सांगायचा, "जेलात." मालक हसायचा. "कशापायी?" "खून." मग मालक हसायचा थांबायचा आणि मला फोन करायचा.

शेवटी केंगारनंच मला सांगितलं, "ताई, ह्यावक्ताला न्हाई जमलं तर मी जेलच्या दारात जाऊन बसनार. आत घ्या म्हननार. तितं निदान चूल तरी माझी हाय." हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा तो खरंच जाऊन आला होता. पहाऱ्यावरच्या शिपायानं चहा पाजून परत लावला होता.

आणि अशात भालूशेठचा आचारी दुसऱ्या केटररनं पळवला. जाताना आचारी वाढपीही घेऊन गेला. लग्न तोंडावर. भालूशेठ रडकुंडीला आला आणि मी देवासारखी त्याच्या दारात उभी राहिले: एक आचारी, चार वाढपी, तयार. आचारी जन्मठेपेचा आणि वाढपी बहिरे, हे मी पहिल्या वाक्यात सांगितलं. भालूशेठनं दोन्ही हातांनी डोकं धरलं, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "ह्या लगनात एक तक्रार आली न्हाई, तर पाचीजन सीझनभर माझ्या गाडीत. आली, तर तुमी आन् तुमचे पाच, पुन्यांदा मला तोंड दावू नका. आन् जेलचं कुनाला कळता कामा न्हाई."

केंगारला मी बजावलं, चुलीजवळून हलायचं नाही.

"कुनी इच्यारलं तर?"

"पंगतीतला माणूस आचाऱ्याला काही विचारत नाही."

"इच्यारलं तर सांगीन."

"बरं बाबा, सांग. पण विचारणार कोण?"

शैलाची मला काडीची काळजी नव्हती. वाढायला कान लागतात ही भालूशेठची समजूत होती. मी म्हणते, पंगतीत कोणी खरं बोलतं का? पोटात कावळे ओरडत असतात आणि तोंड 'नको नको' करत असतं. कान असलेला वाढपी तिथंच फसतो. शैला बोलणं ऐकतच नसे, ती हात बघायची. ताटावर आडवा आलेला हात बोटं फाकून असला की ती फटीतून जिलबी सोडायची. हात घट्ट असला आणि माणूस मान वर करून बघत असला की पुढे सरकायची. तिच्या तिघा सोबत्यांनाही तिनंच तयार केलं होतं. चौघं वाढायला लागले की मंडपात एक हाक नाही, आरडाओरडा नाही, नुसते हात हलायचे आणि ताटं भरायची.

पहिली पंगत नवऱ्याकडची बसली. मधोमध नवऱ्या मुलाचे काका तात्यासाहेब, त्यांच्या उजव्या हाताला त्यांची आई आक्का, आणि डाव्या हाताला त्यांचे दाजी. हे दाजी पांढऱ्या मिशांचे, ताठ कण्याचे, आणि सगळे त्यांना सुभेदार म्हणत होते. मला वाटलं, पलटणीतले असतील.

वांग्याची भाजी झाली, पुऱ्या झाल्या, जिलबी फिरली. भालूशेठ कनातीच्या फटीतून बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू माणसात येत होता. मग भातावर आमटी आली. सुभेदारांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

"काय झालं, दाजी? खारट हाय का?" तात्यासाहेबांनी विचारलं.

सुभेदारांनी वाटी उचलून वास घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा ते पाण्यानं डबडबले होते. आणि मग त्या म्हाताऱ्यानं अशी आरोळी ठोकली की सनईवाल्याची फुंकर चुकली.

"केंगाऽऽर!"

माझ्या शेजारून वारं गेलं. ते वारं नव्हतं, केंगार होता. हातातला आमटीचा डाव तसाच घेऊन तो कनात उचलून धावत सुटला, सुभेदारांच्या पुढ्यात पोचला आणि गुडघे वर, मान खाली, उकिडवा बसला. जेलमध्ये गिनतीला बसतात तसा.

"हाजिर हाय, साहेब."

डावातून आमटीचे थेंब सतरंजीवर पडत होते, मंडपात तेवढीच काय ती हालचाल.

"ह्यो कोन?" तात्यासाहेब म्हणाले.

सुभेदारांचा ऊर आनंदानं भरून आला होता. "कोन म्हंजे? माझा कैदी! खुनातला! जन्मठेपेचा! अरं, आमच्या जेलात दिवाळीला हा आमटी करायचा, तर साहेब लोक घरचं जेवन टाकून लायनीत हुबं ऱ्हायचे! रिटायर झाल्यापास्नं असली चव न्हाई बघा जिभंला!"

मी डोळे मिटून घेतले. एवढं खणखणीत शिफारसपत्र मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. उघडून बघते तर भालूशेठ जिलबीच्या परातीमागे जाऊन बसला होता.

"खुनातला?" तात्यासाहेबांचा आवाज चढला. "कुठाय तो मुलीचा बाप? खून केलेल्या हाताचं आमाला खायाला घालता? लगनाच्या दिवशी? उठा रं! सगळे उठा! पंगत उठवा!"

आता काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मी धावले. म्हणजे माझ्या मानानं धावले. तोंडात फर्डं भाषण तयार होतं: माणूस, शिक्षा, दुसरी संधी, सगळं. पण कॅलिपर सतरंजीच्या घडीत अडकला आणि मी थेट तात्यासाहेबांच्या पुढ्यात बैठक मारली. पडले असं मी म्हणत नाही. शेजारच्या एका सद्गृहस्थानं अंग चोरून जागा केली आणि विचारलं, "ताट आणू का तुमाला?"

चारदोन माणसं अर्धवट उठली होती. आणि तेवढ्यात चारी बाजूंनी शैला आणि तिचे सोबती आत आले. परातीत पुऱ्या, बादलीत भात, कढत आमटी, आणि शैलाच्या हातात जिलब्यांची ताटली. इकडे आभाळ कोसळलंय आणि ही चौघं हसतमुखानं वाढत सुटली. सटासट. रिकामं झालेलं ताट दिसलं की भात, भात दिसला की आमटी, आमटी दिसली की पुरी. मी खाली बसल्या बसल्या हात हलवून शैलाला 'थांब, थांब' करत होते, पण तिची नेमकी माझ्याकडे पाठ होती. मला वाटलं, संपलं. आगीत तेल म्हणजे हेच.

"खाली बस रं," आक्का म्हणाल्या.

"आक्का, त्यो खुनी—"

"ते ऐकलं म्या. कान शाबूत हायती माझे. भरल्या ताटावरनं उठायची रीत हाय व्हय आपल्यात? अन्नाला लाथ मारतोस, घरात लगीन असताना? आधी ताट रिकामं कर, मंग काय बोंबलायचं ते बोंबल."

अर्धवट उठलेली माणसं गुपचूप बसली. भरल्या ताटावरून उठणं म्हणजे लक्ष्मीला हाकलणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तात्यासाहेबही बसले. पण माणूस हट्टी. ताट रिकामं करायचंच आणि मग मंडप दणाणून सोडायचा, असा चंग बांधून त्यांनी बकाबका भात खायला सुरुवात केली. शेवटचा घास उचलला आणि शैलानं सोबत्याच्या बादलीतून भाताची दुसरी मूद बसवली.

"अगं ए बाई! नको म्हनतोय नव्हं!"

शैला गोड हसली आणि जिलबी वाढली.

तात्यासाहेबांनी तेही संपवलं. संपवताना कपाळावर घाम आला होता. या खेपेला त्यांनी ताटावर दोन्ही हात पालथे ठेवले, बोटं घट्ट, मान वर, डोळे वटारलेले. शैलाच्या शास्त्रात याहून खरं 'नको' असूच शकत नाही. ती पुढे सरकेल म्हणून मी बघत होते. तिनं त्यांचा हात मनगटाला धरून अलगद बाजूला केला आणि तीन जिलब्या ठेवल्या. मी चाटच पडले. बिचारी घाबरून गोंधळली, असं मला वाटलं.

"हिला कुनीतरी सांगा रं!"

"तिला ऐकू येत नाही," मी खालून म्हणाले.

"आता ह्यो काय ताप!" तात्यासाहेब जवळजवळ रडले आणि जिलबीला लागले.

इकडे केंगार अजून तसाच उकिडवा बसला होता. आक्कांनी त्याच्याकडे बोट केलं. "त्याला उठवा की. मधी बसवलाय, वाढप्यांस्नी जायाला वाट न्हाई."

"केंगार, ऊठ," सुभेदार म्हणाले. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. "अरं, तू सुटलास नव्हं?"

"सुटलो की, साहेब."

"मंग असा का बसलास?"

"तुमी हाक मारली."

सुभेदारांची मान खाली गेली. मघाचा सगळा उत्साह उतरला. "चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "ऊठ बाबा."

केंगार उठला. तो वळणार तोच आक्कांनी हटकलं.

"थांब. खून केलास?"

"व्हय, आक्का. केला."

विचारलं तर सांगीन म्हणाला होताच.

"शिक्षा भोगलीस?"

"समदी."

आक्कांनी वाटीतली आमटी बोटानं चाखली. "गूळ किती घातलास?"

"चिच्चंला बघून. चिच्च जुनी हुती."

"जा मंग. खाली लागंल ती."

केंगार चुलीकडे पळाला. लोकांच्या माना त्याच्यामागे वळल्या आणि पुन्हा ताटाकडे आल्या, कारण ताटं पुन्हा भरली होती. रागावायला माणसाचा हात मोकळा लागतो. इथं सगळ्यांचे हात आमटीत बुडाले होते. पहिल्यांदा लोक मुकाट्यानं जेवत होते, मग भुरके ऐकू यायला लागले, मग एकानं दबक्या आवाजात आणखी आमटी मागितली. वाढपी बहिरा असल्यानं त्याला वाटी वर करून दाखवावी लागली. त्याची वाटी वर गेलेली बघून दुसऱ्याची गेली. बघता बघता पंगतभर वाट्या वर.

तात्यासाहेबांचं ताट एकदाचं रिकामं झालं. त्यांनी पट्टा सैल केला. शैला ताटली घेऊन समोरच उभी होती.

"झालं रिकामं," आक्का म्हणाल्या. "बोल आता. काय बोलनार हुतास?"

परातीमागून भालूशेठचे दोन डोळे वर आले. मी सतरंजीचा काठ घट्ट धरला. तात्यासाहेबांनी तोंड उघडलं, सगळ्या पाहुण्यांवरून नजर फिरवली, आणि आधी एक भलामोठा ढेकर आला.

"मठ्ठा," ते क्षीण आवाजात म्हणाले, "मठ्ठा ऱ्हायलाय का थोडा?"

हसण्याचा असा फवारा उडाला की सनईवाल्यानं पुढची तान न सांगता सुरू केली. सुभेदार तर मांडीवर थापा मारत होते. मला दोघांनी धरून उठवलं आणि मी हसत हसत पुन्हा बसले.

सगळी जेवणं आटोपल्यावर तात्यासाहेब पोट धरून भटारखान्यात आले. भालूशेठ हात जोडून उभा राहिला. मी कढईआडून कान टवकारले.

"आमच्या थोरलीचं लगीन हाय माघात," तात्यासाहेब म्हणाले. "आचारी ह्योच पायजे."

"देतो की, देतो की!"

"पन ती जिलबीवाली नको. जीव घेतला तिनं माझा."

चुलीपुढे शिक्षा भोगलेला खुनी बसलेला असताना जीव घेतल्याचा आरोप शैलावर आला. मी तोंडात पदर कोंबला. पण मनातून धसकलेच. भालूशेठ लगेच मान डोलावणार, याची मला खात्री होती. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा, असा तो माणूस.

भालूशेठनं डोकं खाजवलं. केसांना पाक लागला होता.

"न्हाई जमायचं, तात्या," तो म्हणाला. "ही पाच मानसं एका गाडीत बसत्यात. एक न्हाई, तर गाडी न्हाई."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तोही बहुधा स्वतःकडे बघत असावा, कारण त्याचा आ वासलेला होता.

"मंग मला त्या दिवशी उपास धराया लागंल," असं म्हणून तात्यासाहेब गेले. जाताना दाराशी थांबून त्यांनी केंगारला आमटीत खोबरं भाजून घालतोस का कच्चं, ते विचारून घेतलं.

मी तशीच खुरडत शैलाकडे गेले आणि हातवारे करून सगळं सांगितलं: काम पक्कं, सीझनभर, पाचीजण. आणि तात्या तुला घाबरतो. ती खदखदा हसली.

'तू त्याचा हात का काढलास?' मी खुणेनं विचारलं. 'तो खरंच नको म्हणत होता.'

'माहीत होतं,' ती खुणेनं म्हणाली.

'मग?'

'ताट रिकामं झालं असतं तर उठला असता. तो उठला असता तर सगळे उठले असते.'

मी थक्क झाले. 'तुला कळलं होतं? काय चाललंय ते?'

तिनं केंगारचं उकिडवं बसणं करून दाखवलं, तात्यांचं लाल तोंड करून दाखवलं, माझं सतरंजीवर आपटणं तर इतकं हुबेहूब केलं की तिचे तिघं सोबती लोळायला लागले. मग तिनं आपल्या कानाला बोट लावलं आणि ते झटकून टाकलं. 'एवढं कळायला हे कशाला लागतात?'

'मी तुला थांब, थांब करत होते!'

'म्हणून तर तुझ्याकडे पाठ केली.'

मला तिला एक धपाटा घालावासा वाटला आणि मिठीही मारावीशी वाटली. मी दोन्ही केलं.

शेवटची पंगत कामाच्या माणसांची. त्या पंगतीला नवरीनं आपल्या हातानं गोड वाढायचं, अशी त्या घरातली पद्धत होती. शालू खोचून, हातात ताटली घेऊन ती पोर आली. केंगार एकदम कडेला, अंग चोरून बसला होता. सीझनभराचं काम मिळालं हे मी त्याला सांगितलं होतं, पण ते अजून त्याच्यापर्यंत पोचलं नसावं. तो ताटाकडे नुसता बघत होता.

नवरीनं एक जिलबी वाढली. मग दुसरी.

"पुरे, बाई," केंगार म्हणाला.

तिनं तिसरी वाढली.

"पुरे, पुरे."

"असं कसं पुरे, मामा? आमच्या सगळ्या वऱ्हाडाला जेवू घातलंत आणि स्वतः एवढंच?" म्हणत तिनं चौथी ठेवली आणि हसत पुढे गेली.

केंगारनं घाबरून माझ्याकडे बघितलं. "ताई, म्या पुरे म्हनलो. तरीबी वाढलं."

"वाढणारच. आग्रह असतो तो, केंगार."

"मंग आता काय करायचं असतं?"

मला हसू आवरेना. "खायचं असतं," मी म्हणाले.

त्यानं ताटातल्या जिलब्या बोटानं मोजल्या.

"एवढी वर्सं मापानं जेवलो, ताई," तो म्हणाला. "पुरे म्हनायची पाळीच आली न्हाई कदी. आज पयल्यांदा म्हनलो, तर कुनी मानंना."

आणि त्यानं जिलबी उचलली.